वॉनहोप आणि ताईची खबर

आधी माफी मागतो. इंग्रजांनी कधीच टाकून दिलेल्या एका इंग्रजी शब्दाबद्दल मी काही लिहावं, एवढा माझा अभ्यास नाही. मी हिर्डोशीच्या पुढच्या एका वाडीतला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिला मीच. अजूनही इंग्रजीत बोलायला उभा राहिलो की मनात आधी मराठी वाक्य जुळवतो आणि मग एकेक शब्द उचलून पलीकडे नेतो. त्यातले बरेच वाटेत सांडतात. शब्दांची मुळं शोधणं हे विद्वान माणसांचं काम आहे, हे मला ठाऊक आहे. पण हा शब्द मला ज्या दिवसांत भेटला, ते दिवस दुसरं कुणी लिहिणार नाही. म्हणून धीर करतो. जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्यानं खुशाल खोडावं, मला राग येणार नाही.

शब्द आहे वॉनहोप.

ताई तेव्हा बाळंतपणाला घरी आलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. ताईचं सासर पानशेतला. धरणाच्या रस्त्याला त्यांची खानावळ आहे, शनिवार-रविवारी पुण्याची माणसं गाड्या लावून पिठलं-भाकरी खायला येतात. तिथून दवाखाना जवळ, रस्ता चांगला, फोनला रेंज. आमच्या वाडीला यायचं तर हिर्डोशीपर्यंत एसटी, ती आली तर, आणि पुढे चालत. हे सगळ्यांना दिसत होतं. तरी तिला पानशेतलाच ठेवूया, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. उलट तिच्या सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "पहिलं तुमच्याकडं, पुढची आमच्याकडं. रीत मोडून आमाला नावं ठेवून घ्यायची न्हाईत." आमच्या आईला त्याचा केवढा आनंद झाला. तिनं बाजेच्या दोऱ्या नव्यानं आवळल्या, शेगडीसाठी गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या, खारका आणवल्या.

तिला नववा लागला की भोरला मावशीच्या खोलीवर आणून ठेवायचं, असं ठरलं होतं. मी भोरलाच वसतिगृहात राहतो, म्हणजे दवाखान्याची धावपळ मी करायची. आठवा संपत आला होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

त्याआधीच्या एका रविवारी मी घरी गेलो होतो. ताई ओट्यावर पाय लांब करून नाचणीची भाकरी आणि दूध खात बसली होती. मला बघून म्हणाली, "आलं का सायेब! सायेब, बाळंतपणाला विंग्रजीत काय म्हणत्यात?"

"डिलिव्हरी."

"आगं बया. ते तर आमी बी म्हणतो. मंग तू तितं जाऊन शिकतूस काय?"

आई चुलीपाशी हसत होती. ताईनं मग पुढचं विचारलं, "आन भ्या वाटतं त्याला?"

"फिअर."

"फियार," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी मोडायला लागली. तिला भीती वाटत होती हे मला त्या वेळी कळलं नाही. ती चेष्टा करतेय असंच मी धरून चाललो.

सोमवारी आमच्या मॅडमनी वर्गात स्टीलचा डबा आणला. त्यात चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर इंग्रजीतला एक वापरातून गेलेला शब्द. ज्याला जो निघेल त्यानं शनिवारी वर्गापुढे त्याचा अर्थ, उगम आणि वापर सांगायचा, आणि शेवटी त्या शब्दाचं स्वतःचं एक वाक्य करायचं. माझ्या शेजारच्याला 'फॉरसूथ' निघाला. तो खूश झाला, नाटकातला शब्द, दोन हातवारे केले की काम भागलं. मला वॉनहोप निघाला. मी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. होप कळत होता. वाटलं, काहीतरी चांगल्या अर्थाचा असेल.

ग्रंथालयात सगळ्यात खालच्या फळीवर जाड कोश आहेत. त्यात शोधला. अर्थ निघाला, आशा संपणं, पूर्ण निराशा. आज ज्याला डिस्पेअर म्हणतात तेच. डिस्पेअर हा फ्रेंचांकडून आलेला, मूळ लॅटिन. तो येऊन बसायच्या आधी साध्या इंग्रज माणसांचा शब्द होता वॉनहोप. पाहुणा घरात शिरला आणि घरचा बाहेर पडला. हॉलंडच्या भाषेत मात्र त्याचा सख्खा भाऊ अजून रोजच्या बोलण्यात आहे, असं तिथे लिहिलं होतं. मी वहीत उतरवून घेतलं. मनात म्हणालो, विषय जरा रडका आहे, पण होईल.

मंगळवारी संध्याकाळी आईचा फोन आला. आमच्या वाडीत रेंज फक्त देवळामागच्या उंचवट्यावर मिळते. तिथे वारा असा असतो की बोलणारा ओरडतो आणि ऐकणाऱ्याला निम्मंच ऐकू येतं. आई म्हणाली, "आरं, ताईच्या कंबरंत कळा याय लागल्यात. सुईण म्हातारी म्हनती खोट्या हायेत. पर मला काय…"

तिथेच फोन तुटला. मी लगेच लावला. मग पुन्हा लावला. बाई सांगत राहिली की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. हे वाक्य मी आयुष्यात हजारदा ऐकलं असेन. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट ऐकलं.

सकाळी कळलं की हिर्डोशीच्या पुढे डोंगर रस्त्यावर आलाय. वीज गेली, टॉवर बंद. आमची वाडी दरडीच्या पलीकडे.

बुधवारभर फोन लावत राहिलो, गुरुवारी एसटी स्टँडवर गेलो. आमच्या खोऱ्यात फोन लागत नाही तेव्हा निरोप कंडक्टरच्या हातून जातात. औषधाची पुडी, दप्तर, लग्नाची पत्रिका, सगळं कंडक्टर घेऊन जातो आणि फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात देतो. हिर्डोशीची गाडी लागली होती. कंडक्टर ओळखीचे.

"मामा, पल्याड निरोप द्यायचा व्हता."

"कुणाच्या हातानं देऊ बाबा? दरडीच्या?"

"कुणी आलंय का तिकडनं?"

"परवापासनं तिकडचं एक मानूस चढलं न्हाई. गाडी जाती, वळती, रिकामी येती." मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज बदलला. "कोन हाय तिकडं? मंडळी?"

"बहीण. बाळंतपणाला आलीय."

 ते तिकिटाचं मशीन उगाच दाबत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "दुधाच्या टेम्पोचं चाचा दरडीपतुर जात्यात. त्यांना ईचार."

चाचांना सगळं खोरं ओळखतं. भोरमध्ये त्यांचं घर, पण दिवसभर ते इकडच्या धरणाकाठच्या गावांतून दुधाच्या किटल्या गोळा करत असतात. मी काही बोलायच्या आत त्यांनी टेम्पोचं दार उघडलं. "बस. तुझ्या आईकडचं दूध येतंय ना माझ्याकडं. मला काय सांगतूस."

वाटभर ते बोलत होते आणि मी हो-हो करत होतो. धरणाचं पाणी लाल झालं होतं. हिर्डोशी मागे पडली. पुढे एका वळणावर टेम्पो थांबला, कारण पुढे रस्ता नव्हता.

मला वाटलं होतं, थोडी माती असेल, दगड असतील, कडेनं जाता येईल. तिथे डोंगराची अख्खी बाजू होती. एक उंबर मुळं वर करून पडला होता. वरून अधूनमधून दगड सुटत होते, आधी आवाज यायचा आणि मग दगड दिसायचा. एक जेसीबी लांब उभा होता आणि त्याचा माणूस आत बसून बिडी ओढत होता. म्हणाला, वरचं थांबल्याशिवाय हात लावता येत नाही. खाली ओढा इतका फुगलेला की त्याचाच आवाज सगळीकडे. पलीकडच्या बाजूला रस्ता पुन्हा सुरू होत होता. मला तो दिसत होता. त्या रस्त्यानं पाऊण तास चाललं की आमचं घर.

मी चपला काढून हातात घेतल्या आणि मातीत पाय घातला. मांडीपर्यंत गेला. दुसरा पाय टाकणार तेवढ्यात मागून कॉलर धरून ओढलं. चाचा.

"सोडा, जातो मी. जाता येतंय."

"कुठं जातूस? दिसत न्हाई का वर काय चाललंय?"

"चाचा, तिला कळा लागल्यात. दोन दिस झालं, काय झालं मला म्हाईत न्हाई. सोडा!"

"तुझ्या आईला आज एका लेकराचा घोर हाय," ते माझ्या कानाशी ओरडून म्हणाले. "दुसऱ्याचा लावू नगं."

मी त्यांच्या हाताला हिसका दिला. शिवीही दिली असेन. त्यांनी कॉलर सोडली नाही. मग मी रस्त्यावर उभा राहून ताईच्या नावानं हाका मारल्या. का मारल्या सांगता येणार नाही. पाऊण तासाच्या वाटेवर हाक जात नाही हे लहान पोरालाही कळतं. जेसीबीवाला बिडी टाकून खाली उतरला आणि नुसता उभा राहिला.

परत येताना चाचा किटल्या घ्यायला कुठे थांबले नाहीत.

त्या संध्याकाळी दाजी आले. पानशेतहून मोटारसायकलवर, पाबे घाटातून वेल्ह्याला उतरून, नसरापूरला हायवे धरून भोरला. रेनकोट होता तरी आतून भिजलेले. माझ्या खोलीत आले, खाटेवर बसले आणि बराच वेळ हेल्मेटच काढलं नाही. मी दरडीचं सांगितलं. ऐकून घेतलं आणि मग बोलायला लागले.

"पानशेतला ठेवली असती तर? आं? काय अडलं व्हतं? आमच्या दारातनं पुण्याला गाड्या जात्यात. दारातनं!"

"दाजी, रीत…"

"रीत! तुझ्या आईनं बाज आवळली, माझ्या आईनं वटी भरली. दोघींनी मिळून पोरगीला डोंगरावर नेऊन ठेवली. आन मी काय केलं? मी सोडाय आलो व्हतो. मी सोताच्या गाडीवर बसवून आणली तिला." मग त्यांनी हेल्मेट काढलं. त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

मी त्यांना माझा शर्ट दिला. मेसमधून भात-आमटी आणली, ती तशीच राहिली. करण्यासारखं काहीच नव्हतं. दोघांचे फोन मध्ये ठेवून बसलो होतो. कुणाचाही उजळला की दोघंही झडप घालायचो. एकदा रिचार्ज संपत आल्याचा मेसेज होता. एकदा खानावळीत शनिवारी पन्नास माणसांचं जेवण होईल का, असं कुणीतरी विचारत होतं. दाजी त्या माणसाशी नीट बोलले. होईल म्हणाले. फोन ठेवून म्हणाले, "काय बोललो म्या?"

माझी वही खाटेवर उघडी होती. त्यांनी ती ओढली. "हे काय?"

मी सांगितलं. एक जुना इंग्रजी शब्द आहे, शनिवारी त्यावर बोलायचं होतं.

"म्हंजी काय?"

"आशा संपणं."

दाजींनी वही मिटली. "चांगला दिलाय तुमच्या मॅडमनी."

मग का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगत बसलो. गप्प बसलं की ओढ्याचा आवाज कानात येत होता म्हणून असेल. सांगितलं की सहा-सातशे वर्षांपूर्वी इंग्रजांचे धर्मगुरू हा शब्द फार वापरायचे. त्यांच्या प्रवचनांत वॉनहोप हे मोठं पाप होतं. आळसातून माणूस हळूहळू तिथे पोचतो, असं ते सांगायचे. चोरी केली, खून केला तरी देवाकडे माफी मागता येते. पण ज्याची आशाच गेली तो मागायचं बंद करतो. म्हणून ते सगळ्यात वाईट.

"पाप?" दाजी म्हणाले. "हाय खाल्ली तर पाप? मानसानं काय मुद्दाम खाल्लेली असती का?"

"तसं लिहिलंय."

"कोण व्हते लिव्हणारे?"

"मठातले साधू. ब्रह्मचारी."

"तरीच," दाजी म्हणाले. "त्यांना बायका नव्हत्या."

एवढ्या सगळ्यात आम्ही दोघं हसलो. मग दाजींनी हातात तोंड धरलं.

त्यांना सांगितलं नाही ते इथे लिहितो. कोशात त्या शब्दाचा दुसरा अर्थही दिला होता. पुढे पुढे लोक तो मूळ अर्थ विसरत चालले तेव्हा काहींनी वॉनहोप हा शब्द खोट्या आशेसाठी वापरला. म्हणजे पाया नसलेली आशा, स्वतःची फसवणूक. फोन उजळला की आमचं जे होत होतं ते. आशा गेलेला माणूस आणि खोटी आशा धरून बसलेला माणूस, दोघांना एकच शब्द. ग्रंथालयात वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की ही लोकांची चूक आहे. त्या खोलीत बसल्यावर तसं वाटेना. मी एकाच मिनिटात दोन्ही माणसं होत होतो.

शुक्रवारी मी पुन्हा ग्रंथालयात गेलो. दाजी स्टँडवर बसून होते, आणि मला नुसतं बसवत नव्हतं. शब्दाचा पहिला तुकडा, वॉन, काय आहे ते मी अजून पाहिलं नव्हतं. जुन्या इंग्रजीत तो शब्दाच्या आधी लागायचा, कमी, अपुरं, बिघडलेलं अशा अर्थानं. वाँटन या शब्दात तो अजून शिल्लक आहे. त्याचा आधीचा अर्थ, वळण न लागलेला, आणि मग उनाड. चंद्र क्षीण होतो त्यासाठीचं वेन हे क्रियापदही त्याच कुळातलं. आणि त्या कुळाची वंशावळ दिली होती, त्यात एक शब्द माझ्या ओळखीचा निघाला. संस्कृत 'ऊन'. म्हणजे उणा. आपण उणं-अधिक म्हणतो तो. एकोणीस, एकोणतीस यात जो लपलाय तो, विसाला एक उणा. हजारो मैल लांबच्या माणसांचा वॉन आणि आमच्या आईच्या तोंडातला उणा, एकाच मुळाचे.

दुसऱ्या कुठल्या आठवड्यात हे सापडलं असतं तर मी उडी मारली असती. तेव्हा नुसतं बघत राहिलो. निराशा म्हटलं की आशा नाहीच, विषय मिटला. पण त्या जुन्या माणसांनी शब्द घडवताना आशा ठेवलीय, आणि तिच्या आधी उणेपण लावलंय. आम्ही कालपासून जिथे बसलो होतो ती जागा हीच होती. आशा उणी होत होती. तासातासाला होत होती. संपत नव्हती आणि म्हणूनच सहन होत नव्हती. संपली असती तर झोप लागली असती. माझा हा अर्थ शास्त्राला धरून नसेल. विद्वान म्हणतील की तिथे उणी म्हणजे नाहीच. असेल तसं.

शनिवारी मी वर्गात जाणार नव्हतो. दाजी म्हणाले, "जा. हितं बसून तू काय करणार हायेस? मी हाय फोनपाशी." गेलो. माझी पाळी आली. अर्थ सांगितला, उगम सांगितला. उणाचं सांगताना एक-दोन जणांनी मान वर केली. वापर सांगितला. मॅडम म्हणाल्या, "छान. आता तुझं वाक्य."

वाक्य मी तयार केलं नव्हतं. मी मराठी वाक्य मनात जुळवलं आणि एकेक शब्द उचलून ठेवला. माझी बहीण दरडीच्या पलीकडे आहे आणि मी वॉनहोपमध्ये आहे, असं इंग्रजीत म्हणालो. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, उदाहरण म्हणून केलेलं वाक्य समजून. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मराठीत विचारलं, "कधीपासून?"

 मी वही घेऊन बाहेर आलो. मॅडम मागून आल्या. त्या म्हणाल्या, "माझे मामा तहसीलमध्ये आहेत, मी विचारते." त्यांनी लगेच व्हरांड्यातूनच फोन लावला. तिकडून एवढंच कळलं की पाऊस उतरलाय आणि दुपारपासून माणसं पायी सोडतील. कोण कुठे आहे, ते तिथेही कुणाला माहीत नव्हतं.

मी वसतिगृहावर पळत आलो. आम्ही निघायच्या तयारीत होतो. दाजी बूट घालत होते. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात आमचे चुलते उभे राहिले. आमच्या वाडीतले, भावकीतले. कमरेपर्यंत चिखल, डोक्याला टॉवेल.

ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

मी म्हणालो, "आबा, आत या." त्यांनी मान हलवली. मी कोपऱ्यातला तांब्या भरून पुढे केला. त्यांनी हात आडवा केला, नको.

आमच्याकडे माणूस गेल्याचा सांगावा घेऊन येणारा असाच येतो. तो उंबरा ओलांडत नाही, बसत नाही, पाणी घेत नाही. दाराबाहेर उभा राहून सांगतो आणि तसाच वळतो. कुणी शिकवत नाही, लहानपणापासून बघून माहीत असतं. दारात उभ्या राहिलेल्या आणि पाणी नाकारणाऱ्या माणसाला बघून घरातल्या बाया तो बोलायच्या आधीच रडायला लागतात.

तांब्या माझ्या हातात तसाच होता. दाजी एक बूट घातलेला, एक हातात, खाली बसले. खाटेवर नाही, फरशीवर. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा ऐकू नये. शेजारच्या खोल्यांतली पोरं दारात आली.

आबांना दम्याचा त्रास आहे. दोन जिने चढून त्यांची छाती भात्यासारखी चालली होती. ते हातानं नको-नको करत होते आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. शेवटी चौकटीला धरून म्हणाले, "आरं… पाय… पाय चिखलाचं हायेत… म्हणून भाईर… पानी आत्ता उतरायचं न्हाई… आरं रडतायसा काय… जिती हाय ती."

मग मी त्यांना ओढूनच आत घेतलं.

तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या मंगळवारी कळा थांबल्या होत्या. म्हातारी बरोबर होती, खोट्याच होत्या. शुक्रवारी पहाटे खऱ्या लागल्या. अंगावरून जायला लागलं, तेव्हा म्हातारीनंच हात टेकले. भोरकडे वाट नाही. आम्ही खोऱ्यातली माणसं आजाराला, कोर्टाला, बाजाराला भोरकडेच बघतो, त्यामुळे पहिला तास सगळे दरडीकडेच बघत बसले. मग कुणीतरी म्हणालं, कोकणाकडं उतरवा. बाजेला बांबू बांधून डोली केली. वाडीतली होती नव्हती ती माणसं आळीपाळीनं खांदा देत वरंध घाटाच्या माथ्यापर्यंत गेली. पावसात, धुक्यात. आई बाजेला धरून चालत होती. घाटाच्या खालच्या अंगाला महाडकडची एक जीप मिळाली, तिच्यात ताईला आणि आईला घातलं.

"तवर जिती व्हती," आबा म्हणाले. "माझ्या हाताला धरलं तिनं. म्हनली, सायबाला सांगा भ्या वाटतंय."

"आन पुढं?" दाजींनी विचारलं.

"पुढचं मला कुठनं ठावं? जीप गेली. आमी माघारी आलो. आईचा मोबाईल घरात बंद पडलाय, माझा कवाच गेला. नंबर कुनाला पाठ हायेत आताशा? तू कॉलेजचा, म्हणून तुला तरी सांगावं म्हणून सकाळी निघालो. दरडीच्या खालनं आलो, फुडं डंपरवाल्यानं बसवलं." मग त्यांना आठवलं. टॉवेलच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात तंबाखूच्या पुडीचा कागद. "ह्यो जीपवाल्याचा नंबर."

मी लावला.  जीपवाल्यानं उचलला. कोकणी हेल होता. म्हणाला, हो, सोडलं ना सरकारी दवाखान्यात, कालच. बाई फार वाईट अवस्थेत होती हो. पुढचं नाही माहीत. थांबा, मी जवळच आहे, जाऊन बघतो, त्यांच्या आईच्या हातात फोन देतो.

फोन ठेवला आणि आम्ही तिघं बसलो. आबांनी आता पाणी घेतलं. दाजींच्या हातात अजून एक बूट होता. आशा उणी होत जाते असं मी वर लिहिलंय. या वेळात ती वाढत होती, आणि ते जास्त भयंकर होतं. शेजारची पोरं दारातून हलली नव्हती. 

फोन वाजला. दाजींनी माझ्याकडे हातानं खूण केली, तूच घे.

"हॅलो," मी म्हणालो. "आई?"

पलीकडे दवाखान्याचा गोंगाट होता. कुणाचं तरी मूल रडत होतं. आई आधी नुसती श्वास घेत राहिली. फोनमध्ये बोलायचं कुठं ते तिला कळत नसावं. मग एकदम जवळून तिचा आवाज आला, देवळामागच्या उंचवट्यावर ओरडते तसा नाही, हळू.

"ताई हाय. रगत चढवलंय, आज डोळं उघडलं तिनं. पानी मागितलं. डाक्टर म्हनले आता भ्या न्हाई." ती थांबली. दाजी उठून माझ्या तोंडाशी तोंड आणून बघत होते. "लेक झाली व्हती रं. गाडीतच. न्हाई राह्यली. दाजी हायेत का तितं? त्यास्नी तू सांग. मला न्हाई सांगवत."